मागची खोली आणि भासऱ्यांचा मासा

आधी माफी मागते. अक्षर माझं वेडंवाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यावं हे मला कधी कळलं नाही. शाळा चौथीत सुटली. पण माझ्या भासऱ्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नाही, एवढं लिहायला चौथी पुष्कळ झाली. भासरे म्हणजे माझ्या मालकांचे मोठे भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही. ते समोर आले की पदर डोक्यावर घ्यायचा आणि भिंतीला लागून उभं राहायचं. लग्न होऊन कुहीजवळच्या गावी आले तेव्हापासून हे चाललं, आणि पुढं हुडकेश्वरला घर बांधलं, घरात गॅस आला, मोबाईल आला, तरी चालूच राहिलं. काही सांगायचं असलं तर मी मालकांना सांगायचं, मालकांनी त्यांना सांगायचं. मधल्या मधे माझ्या बोलण्यातलं तिखट सगळं निघून जायचं. म्हणून ते इथं लिहून ठेवते.

भासऱ्यांनी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे होऊ दिलं नाही. पहिल्याच घरी मुलगी पाहायला गेले आणि मुलीला नाव विचारायच्या आधी तिच्या बापाला म्हणाले, "आमच्या घराले खिडक्या दोनच हायेत. तुमच्या पोरीले एवढी हवा पुरंल काय?" बापानं व्हरांड्यातूनच निरोप दिला. सगळ्या जन्मात त्यांना एकच रोग: कोणाला कुठं कसं राहता येईल ह्याची काळजी. लग्नाचं आमंत्रण आलं की आदल्या दिवशी जाऊन हॉल बघून यायचे, पंखे कुठं आहेत, पंगतीला ऊन येईल का. उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे सगळेच खिशात कांदा ठेवतात, हे पौषातही ठेवायचे. वरची खोली भाड्यानं द्यायची होती तेव्हा चांगला बँकेतला माणूस ॲडव्हान्स घेऊन दारात उभा राहिला, आणि हे त्याला खोलीची भिंत दाखवायला घेऊन गेले. "ही भिंत दुपारी तापते. तुमचे लेकरं लहान हायेत. नका घेऊ." तो बिचारा आभार मानून गेला! मी स्वयंपाकघरात लाटणं हातात धरून नुसती उभी. मालकांना म्हटलं, तुमच्या भावाला काही म्हणा. मालक म्हणाले, "दादा म्हणते तं काही तरी असंल." हे त्यांचं सगळ्याला एकच उत्तर.

कचेरीतून निवृत्त झाल्यावर तो रोग वाढला. एका वैशाखात ते सीताबर्डीला कूलरची मोटर आणायला गेले आणि मोटर न आणता परत आले. पायरीवर बसले. जेवायला उठेनात. मालकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "एका दुकानात मासा हाये गा. चपटा. भाकरीवानी. स्टिंगरे म्हणते त्याले. त्याले त्या पेटीत वळता येत नाही. वळाले गेला का शेपूट काचेले लागते."

"मग?"

"मग काय. त्याले घर पायजे."

मला हसू आलं होतं तेव्हा. मला काय माहीत की घर म्हणजे माझ्या मागच्या खोलीत!

ही मागची खोली म्हणजे काय ते सांगते. ती उत्तरेला आहे, एका बाजूनं शेजाऱ्यांची भिंत आहे, तिला ऊन लागत नाही. वैशाखात नागपुरात जीव धरायचा तर आमच्या घरात तेवढीच एक जागा. माझ्या पोरीचं लग्न ठरलं त्या दिवशीच मी मनात धरलं होतं की हिचं पहिलं बाळंतपण ह्या खोलीत. माझं स्वतःचं झालं ते पत्र्याखाली, जेठ महिन्यात, आणि ते मी विसरले नाही. तर भासऱ्यांनी घराची सगळी पाहणी केली आणि ठरवलं की वरच्या मजल्याला वजन पेलणार नाही, समोरच्या खोलीत उजेड फार, त्या माशाला अंधुक उजेड लागतो, म्हणून मागचीच खोली बरी. बाजारातली तयार पेटी चालेना. त्या उंच असतात. हा मासा वर-खाली पोहत नाही, तळाशी सरपटतो, त्याला उंची नको, रुंदी पाहिजे. मग गवंडी आला, विटांचा चौथरा झाला, काचवाला आला आणि त्यानं खोलीतच बसून काचा चिकटवल्या. डबल बेडपेक्षा मोठी पेटी! सगळं वाळल्यावर मालक दारात उभे राहून कधी पेटीकडे, कधी दाराकडे बघू लागले.

"दादा, हे बाहेर कसं निघंल?"

"काहून काढायचं?"

दार अरुंद आणि पेटी रुंद. हे मालकांना दिसलं, मला दिसलं, काचवाल्याला तर पहिल्यापासून दिसलं असणार, पण सांगेल कोण?

मग रेती. दुकानदार रंगीत खडे देत होता, ते ह्यांनी परत केले. मासा पोट घासत चालतो, त्याला खडा टोचतो. कुहीकडच्या नाल्यातून बारीक रेती आणली, माझ्या मैद्याच्या चाळणीनं चाळली, माझ्या घमेल्यात धुतली. तेवढ्यावर मन भरेना, म्हणून अंगणात रेती पसरून हा साठीचा माणूस बनियन काढून तिच्यावर पालथा झोपला आणि सरपटला. गल्लीतल्या बाया कुंपणाला लागल्या. शेजारीण मला म्हणते, "अवं, तुह्या भासऱ्याले मिरगी आली काय?" मी कुठं तोंड लपवू? उठून त्यांनी पोट तपासलं, दोन ओरखडे निघाले, आणि सगळी रेती पुन्हा चाळायला घेतली.

मग पाणी. बोअरचं पाणी खारं, ते नको. नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास, म्हणून ते ड्रममध्ये उघडं ठेवायचं. ते ड्रम माझ्या तुळशीपुढं. पाणी मऊ व्हावं म्हणून त्यात जंगली बदामाची वाळलेली पानं. पाणी झालं चहासारखं. कोणी पाहुणा आला की विचारायचा, हा काढा कोणासाठी? आणि एवढं करून मासा आणतील तर शपथ! पाणी पिकलं पाहिजे म्हणाले. लोणचं मुरतं तसं पाणी मुरतं म्हणे. त्यात घाण खाणारे जंतू वसले पाहिजेत, मग मासा. ते जंतू वसावे म्हणून त्यांनी पेटीत झिंगे टाकून सडवले. श्रावणात! माझ्या घरात श्रावणात सडके झिंगे, आणि मी सोमवारचा उपास करून त्याच वासात साबुदाणा भिजवते. आधी घर, मग मासा, असं ते मालकांना सांगायचे, आणि दर आठवड्याला बर्डीला जाऊन त्या माशाला बघून यायचे. शेवटी तो दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, घेऊन जा एकदाचा. नाही तं माह्या दुकानातच राहाले या."

दिवाळीनंतर तो आला. मी दाराआडून पाहिला. तव्यावर धिरडं पसरावं तसा गोल, अंगावर ठिपके, दोन डोळे पाठीवर उगवलेले आणि मागं शेपूट, शेपटीवर विषारी काटा. तो त्या रेतीत शिरला, अंग फडफडवून रेती पाठीवर ओढून घेतली आणि नुसते डोळे बाहेर ठेवून बसला. भासरे स्टुलावर बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, बाप्पा, माझ्या लेकीच्या लग्नात हा माणूस पंखे मोजत होता, रडला नाही!

थंडीत त्याच्यासाठी पाणी गरम करायची कांडी आली. तो कांडीला चिकटून भाजेल म्हणून तिला प्लास्टिकची जाळी आली. खोलीतून माझा पाणी भरायचा तांब्याचा गुंड बाहेर गेला, पितळेची समई गेली, कारण तांब्याचा अंश पाण्यात गेला तर तो मासा मरतो. माझ्या फ्रिजमध्ये झिंग्यांचा डबा, आणि गांडुळांची कुंडी माझ्या कढीपत्त्याखाली. आणि फाल्गुन सरताच घरातला एकुलता एक कूलर त्या खोलीत गेला, तोंड पेटीकडे. पाणी तापलं तर तो जगत नाही म्हणे. माणसं जगतात! माणसं गच्चीवर ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपली आणि धिरडं कूलरमध्ये.

तेव्हाच पोरीला आठवा लागला. चैत्रात ती माहेरी येणार. मी मालकांना सांगितलं, की बघा, मला दुसरं काही नको, ती खोली पाहिजे. मालक गेले, आले, खाली मान घालून म्हणाले, "दादा म्हणते, काचा तोडल्याबिगर पेटी निघत नाही, आन् तोडली तं थो ठेवायचा कुठी?" मी दोन दिवस जेवले नाही. कोणी विचारलं नाही असं नाही, पण मी सांगितलं नाही.

शेवटी पोरीचा पलंग पेटीशेजारी पडला. एकाच कूलरची हवा, अर्धी पोरीला, अर्धी माशाला. भासऱ्यांनी पाण्यातल्या थर्मामीटरसारखंच एक तिच्या उशाशी टांगलं आणि रोज सकाळी मालकांना सांगू लागले, तिच्या अंगावर सरळ हवा नको, पलंग थोडा सरकव, दुपारी खिडकीला वाळ्याची ओली तट्टी लाव. पोरगी तर फितूरच झाली. "आई, मोठे बाबा म्हणते, त्याले पोट घासाले मोकळी जागा लागते. माह्यावानीच." मी म्हटलं, "तू गप वं. तुले काटा मारंल तवा समजंल."

मग आली ओटीभरणाची दुपार. गल्लीतल्या बाया आल्या, कुहीहून मालकांच्या आत्याबाई आल्या. बायांचा कार्यक्रम, म्हणून मालक कामावर आणि भासरे बाहेर कडुलिंबाखाली खुर्ची टाकून. पोरीची ओटी भरली, गाणं झालं, मी साखर-खोबऱ्याचं ताट घेऊन उभी. तेवढ्यात तो मासा, जो दिवसभर रेतीत तोंड लपवून असतो, तो काचेवर उभा चढला. खालची बाजू पांढरी असते त्याची, आणि त्या पांढऱ्यावर तोंड आणि नाकाच्या दोन भोकांचं असं काही जुळतं की हसऱ्या लेकराचा चेहराच दिसतो. आत्याबाई ओरडल्या, "अवं माय! हसून राहिली! पोरीकडं पाहून हसून राहिली!"

सगळ्या बाया गोळा. एकीनं काचेला कुंकू लावलं. आत्याबाईंनी हात जोडले, झाकण सरकवलं आणि बटव्यातून नाणं काढून पाण्यात टाकलं, देवळातल्या कासवाच्या हौदात टाकतात तसं. मग काय! एकीनं टाकलं की दुसरी टाकणारच. टुपुक, टुपुक. एक बाई डोळे मिटून पुटपुटत होती, तिच्या पोराला नोकरी लागू दे.

मी ताट धरून उभी. पाचाचं नाणं पिवळं असतं, त्यात तांबं असतं, हे मालकांच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलं होतं. आत्याबाईंना अडवावं तर त्यांचा मान, पोरीच्या ओटीत अपशकुन. आणि मालक घरी नाहीत. मी ताट पलंगावर ठेवलं आणि चालत चालत बाहेर कडुलिंबापाशी गेले.

"भाऊजी," मी म्हटलं, "पैसे पडून राहिले पाण्यात."

भासऱ्यांनी आधी मागं वळून झाडाकडे पाहिलं. झाड बोलतं असंच वाटलं असणार. मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले काय?

"पांढरे का पिवळे?"

"पिवळेबी हायेत."

ते अनवाणी धावले. बायांनी पटापट पदर घेतले. "आत्या, काय केलं वं तुनं हे!"

"काहून गा? देवाले टाकले, तुले का टाकले?"

"थो देव नोय! मासा हाये!"

"मत्स्यावतार कोणाचा होता मंग?" आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "कारकुनी करून करून धरम विसरला!"

भासरे पेटीकडे वळले. काट्याच्या भीतीनं हात घालता येईना, म्हणून माझा प्लास्टिकचा झारा काठीला बांधून एकेक नाणं वर काढलं. मग पाणी बदलायचं. ओटीसाठी ठेवणीतली पातळं नेसलेल्या बाया, मी, सगळ्यांनी ड्रमातल्या पाण्याच्या बादल्या वाहिल्या. पोरगी पलंगावर हसून हसून पोट धरत होती. मासा जगला. दोन दिवस खाल्लं नाही त्यानं, मग खाल्लं.

पण गोष्ट सुटली ती सुटलीच. हुडकेश्वरात हसणारी मासोळी आहे, गरोदर बाईकडे पाहून हसते, असं झालं. दुसऱ्या दिवसापासून दार वाजू लागलं. दुपारी, नेमकी पोरीचा डोळा लागतो तेव्हा. कोणी नारळ आणला, कोणी पोरगं होईल का विचारायला सून आणली. मी एकदा तोंड उघडलं होतं, आता दुसऱ्यांदा उघडायला तेवढं जड गेलं नाही. भासरे माशाला गांडूळ देत होते. मी दारात उभी राहिले. "भाऊजी, माह्या पोरीले झोप नाही. ह्या खोलीत आता काही तिचं नाही. तुम्ही माश्याले जागा पाहिली, रेती पाहिली, पाणी पाहिलं. तिचं कोण पाहीन?"

आवाज माझा थरथरत होता. रागानंच, दुसऱ्या कशानं नाही. त्यांनी गांडुळाची वाटी खाली ठेवली आणि पलंग आणि पेटी ह्यांच्यामधली जागा वितीनं मोजली. पुन्हा मोजली. मग म्हणाले, "दोघाइले पुरत नाही." माझ्याकडे न बघता, पण मलाच.

पुढं त्यांनी त्याच्यासाठी घर शोधलं. तेही साधं नाही. एका माणसाच्या पेटीत हात घालून म्हणाले, रेती जाड. दुसऱ्याकडे पाण्याचा वास घेऊन परतले. तो दुसरा रागावला, म्हणाला मासा देता की मुलगी? शेवटी अमरावतीचा एक माणूस मिळाला, त्याच्याकडे घरात बांधलेला मोठा हौद आहे, तिथं असेच आणखी मासे आहेत. टपात पाणी, पाण्यात मासा, शेपटीच्या काट्याला नळीचं टोपण, असं गाडीत घालून भासरे त्याच्यासोबत गेले. हवेची मोटर वाटभर हातात धरली होती, असं गाडीवाला सांगत होता. परत आले आणि दुसऱ्या सकाळी पात्यानं काचांचा डिंक कापत बसले. एकही काच फोडली नाही. रेती पोत्यात भरली. चौथरा फोडला, फरशी धुतली, कूलरची तट्टी नवी लावली, आणि माझा तांब्याचा गुंड स्वतः उचलून आणून होता त्या कोपऱ्यात ठेवला.

वैशाखात पोरीला मुलगी झाली. त्या खोलीत, थंड हवेत. बाराव्या दिवसापर्यंत भासरे उंबऱ्याच्या आत आले नाहीत. रोज बाहेरूनच विचारायचे, "लेकराले हात-पाय हालवाले जागा हाये ना?"

एक गोष्ट उरली होती. काढलेली नाणी त्यांनी धुऊन एका वाटीत ठेवली होती, आणि ती ज्याची त्याला परत करायची असा हट्ट धरला. मला पुन्हा राग. मालकांनी विचारलं, का? तर म्हणाले, "लोकाइनं देव समजून देल्ले. थो देव नोय. त्याच्यावर कोणाचा नवस नको." गल्लीत दारोदार फिरले. बाया घ्यायला तयार नाहीत, देवाला दिलेलं परत घेतलं तर पाप. मग घ्यायला लागल्या, तेव्हा ज्यांनी एक रुपया टाकला त्या दोन म्हणाल्या, एकीनं तर दहा टाकले म्हणून सांगितलं. ह्यांनी तिलाही दिले, आपल्या खिशातून. नोकरीचा नवस करणारीच्या पोराला तोवर नोकरी लागली होती, ती तर पेढे घेऊन मासा शोधत आली. तिला समजवायला अख्खी सकाळ गेली.

शेवटी राहिल्या कुहीच्या आत्याबाई. दोन रुपयांसाठी भासरे बसचं तिकीट काढून ऐन उन्हात कुहीला गेले. मी मनात म्हटलं, जा. संध्याकाळी परत आले, पायरीवर बसले. मी पाणी नेऊन दिलं, पदर होता तसाच खांद्यावर राहू दिला.

"घेतले त्याइनं?" मी विचारलं.

"आधी भांडली. मंग घेतले." ते पाणी प्यायले. "विचारत होती, तिकडं हसते काय थो. म्या म्हटलं, मले काय माहीत."

आत बाळ कुरकुरलं, पोरीनं थोपटलं, गप्प झालं. भासरे रिकामा पेला हातात फिरवत राहिले.

"झालं," ते म्हणाले. "सगळ्याइचे देऊन झाले. आता त्याच्याकडं कोणाचं काही राह्यलं नाही."